बकलांवरचा परतावा

९ फेब्रुवारी

मनातलं मनात ठेवलं की माझं डोकं दुखतं आणि बोलून टाकलं की दुसऱ्याचं. म्हणून आजपासून लिहायचं ठरवलं आहे. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "लिही. वहीला उलट उत्तर देता येत नाही." चामडं कापताना हे क्वचित बोलतात, आणि बोलले की असं.

निमित्तही चांगलं आहे. कुत्र्यांच्या बाईची मोठी ऑर्डर आली. ही बाई समुद्रापलीकडे राहते, तिची कुत्र्यांच्या सामानाची दुकानं आहेत, आणि आम्ही तिला गळ्यातले पट्टे करून पाठवतो. आजवर थोडे थोडे जायचे. आता वर्षभराचा करार, ठरलेल्या मुदतीने माल. ज्या घरात कधी कुत्रं पाळलं नाही (मला भीती वाटते, खरं तेच लिहिते) त्या घराचं पोट परदेशी कुत्र्यांच्या गळ्यांवर चालावं, ही गंमतच आहे.

कारखाना म्हणजे एक लांब खोली. खिडकीपाशी हे चामडं कापतात, मध्ये शिलाईची यंत्रं, आणि दाराशी जोडणीचं टेबल. तिथे बायका पट्ट्याला बकल, कडी आणि रिव्हेट बसवतात. बकलं भावजींची. भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. मागच्या अंगणापलीकडे त्यांची भट्टी आहे. ते पितळ ओतून बकलं आणि कड्या करतात. सासऱ्यांनी जाताना एकाला सुरी दिली आणि एकाला भट्टी. भांडण नाही, तंटा नाही. लोक म्हणतात, असे भाऊ हल्ली मिळत नाहीत. मी म्हणते, अशी वहिनी तरी कुठे मिळते!

काळजी एकच. बाईने भाव घट्ट धरला आहे, आणि गेल्या वर्षी पितळेच्या भंगारावरचं आयात शुल्क वाढल्यापासून भावजींचं बकल महाग झालं आहे. कोणी काही बोललेलं नसतं, तरी तेच ओशाळून सांगतात, "वहिनी, मी नाही हो वाढवलं, धातूनेच वाढवलं."

१६ फेब्रुवारी

कागदवाले आले होते. आमचा माल बंदरातून सुटेपर्यंतचे सगळे कागद तेच करतात, म्हणून हे नाव. डोक्यावर केस चार, पण आत कायदे चारशे.

त्यांनी खिशातून एक बकल काढून टेबलावर ठेवलं. दिसायला हुबेहूब भावजींचं.

"पितळ?" मी विचारलं.

"वरून. आत लोखंड. बाहेरून येतं."

भाव विचारला तर भावजींच्या बकलाहून जरा जास्तच. मी म्हटलं, "मग हे मी काय कानात घालू?"

"बाई, या भावात शुल्क धरलंय. ते तुम्हाला परत मिळेल."

मग त्यांनी समजावून सांगितलं. बाहेरून आणलेल्या वस्तूवर सरकार शुल्क घेतं. तीच वस्तू आपल्या मालात बसून पुन्हा देशाबाहेर गेली की घेतलेलं शुल्क परत देतं. मी म्हटलं, म्हणजे बागेत शिरताना तिकीट काढायचं आणि मागच्या फाटकाने बाहेर पडलं की पैसे परत? "अगदी तसंच," ते म्हणाले. आणि भावजींच्या बकलाचं काय? तर ते इथलंच. त्यावर आम्ही शुल्क भरलेलंच नाही, मग परत काय मागणार?

मला रीतसर वाटलं. शुल्क परत आलं की बाहेरचं बकल भावजींच्या बकलाहून चांगलंच स्वस्त पडतं. ह्यांनी सुरी थांबवली आणि म्हणाले, "भट्टीला सांगावं लागेल." मी म्हटलं, मीच सांगते. आडपडदा ठेवून वागणं मला जमत नाही.

१७ फेब्रुवारी

सांगितलं. भावजींनी बाहेरचं बकल फरशीवर टाकून आवाज ऐकला. "बसका आहे," म्हणाले आणि पुसून परत माझ्या हातात दिलं. "पण तुमचं बरोबर आहे, वहिनी. करार मोठा आहे."

मी म्हटलं, इथल्या बाजारात जे पट्टे विकतो त्यांना तुमचीच बकलं राहतील, फक्त बाहेर जाणाऱ्या मालाचं बदलतंय. त्यांनी मान डोलावली. मग विचारलं, "माझ्या पितळेवरही शुल्क बसलेलं असतंच ना? भंगारवाला बंदरावर भरतो, आणि माझ्याकडून वसूल करतो. ते पितळ तुमच्या पट्ट्यावर बसून बाहेरच जात होतं. ते नाही मिळत परत?"

प्रश्न बरा होता, म्हणून मी तिथूनच कागदवाल्यांना फोन लावला. ते म्हणाले, "त्यांनी स्वतः बंदरावर भरलं नाही आणि स्वतः बाहेर पाठवलं नाही. मध्ये दोन हात बदलले की माग हरवतो, बाई." भावजींना तसं सांगितलं. "असं होय," म्हणाले. समजूतदार माणूस. माझ्या माहेरी असं काही झालं असतं तर भिंती हलल्या असत्या.

धाकटी जाऊ मात्र चहाचं न विचारता आत गेली. असो. कोणाच्या मनात काय आहे ते कशाला उकरत बसा.

१२ मार्च

बाहेरची बकलं आली. चकाचक, एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं. जोडणीच्या टेबलावर आता दोन ताटं. इतकी वर्षं आमचा एकच नियम होता: निवडून चांगलं ते बाहेर पाठवायचं, उरलेलं इथे. आता निवडायची कटकटच नाही. भावजींची इथल्या पट्ट्यांना, बाहेरची बाहेरच्यांना. बायकांना सांगितलं, त्यांनी दोन दिवसांत हात बसवला.

२८ मार्च

भावजी आज मुद्दाम पुढच्या दाराने आले. एरवी अंगणातून येतात. खुर्चीच्या कडेवर बसले. गावातले ओतकामवाले मिळून मोठ्या कचेरीत जाणार आहेत, पितळेवरचं वाढीव शुल्क उतरवा म्हणून सांगायला.

"आमचं कोण ऐकतंय, वहिनी? निर्यात करणारं कोणी सोबत असलं तर साहेब दोन मिनिटं जास्त देतात. तुम्ही याल?"

लग्न होऊन या घरात आल्यापासून भावजींनी माझ्याकडे काही मागितलेलं मला आठवत नाही. लगेच हो म्हटलं. काय बोलायचं ते विचारलं, तर म्हणाले, "नेहमी बोलता तसंच. खरं तेच." म्हणजे माझं काम सोपं.

जेवताना हे म्हणाले, "जायच्या आधी त्याच्याशी एकदा नीट बोलून घे." मी म्हटलं, पाठ करून बोलायला मी काय शाळेत आहे?

२ एप्रिल

जाऊन आले. कचेरी वरच्या मजल्यावर, लिफ्टवर 'बंद' असा कागद, तोही पिवळा पडलेला. साहेब तरुण आणि सभ्य. खोलीत पाहुण्यांसाठी खुर्ची एकच होती, ती मला दिली. बाकीचे माझ्या मागे उभे राहिले.

त्यांच्यातले मिशीवाले बोलले. पितळ किती महाग झालं, कोणाच्या भट्ट्या बंद पडल्या, कोण धंदा सोडून चालकाचं काम करतो. साहेब टिपून घेत होते. मग माझ्याकडे वळले.

"तुम्ही काय निर्यात करता?"

"कुत्र्यांचे पट्टे."

साहेब हसले, पण चांगलं हसले. "पितळेवरच्या शुल्कामुळे तुमची निर्यात अडली आहे का?"

"नाही," मी म्हटलं. "उलट वाढलीय. मी आता बाहेरची बकलं लावते आणि त्यांवरचं शुल्क मला परत मिळणार आहे."

"काही त्रास?"

"कागद फार लागतात. पण पद्धत चांगली आहे."

साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्या मागे बघून म्हणाले, "बघा. शुल्कामुळे इथल्या धातूच्या गिरण्या टिकतात आणि परताव्यामुळे निर्यातदाराला झळ लागत नाही. बाई स्वतःच सांगताहेत." मला म्हणाले, "इतकं स्पष्ट बोलणारे लोक आमच्याकडे कमी येतात."

जिना उतरताना सगळे माझ्या मागे चार पायऱ्या सोडून चालले. दमले असावेत. मिशीवाले तर निरोप न घेताच चालू लागले, तऱ्हेवाईक माणूस दिसतो. भावजींनी मला चहा पाजला आणि बसमध्ये खिडकीची जागा दिली. मी विचारलं, "बरी बोलले ना?"

"तुम्ही खरं बोललात, वहिनी," ते म्हणाले, आणि घर येईपर्यंत समोरच्या सीटची पाठ बघत बसले.

घरी आल्यावर ह्यांना सगळं रंगवून सांगितलं. हे म्हणाले, "तुला विचारलं तेवढंच तू सांगितलंस." मी म्हटलं, मग काय न विचारलेलं सांगायचं असतं? हे सुरीला धार लावायला उठले, आणि मीही जास्त खोदलं नाही.

१७ एप्रिल

एक सुख लिहून ठेवते. अंगणात कपडे वाळत घातले की भट्टीच्या काजळीने पांढऱ्या चादरी करड्या व्हायच्या. त्यावरून मी धाकटीशी किती भांडले असेन! हल्ली चादरी पांढऱ्याशुभ्र असतात. भावजी म्हणाले, "आठवड्यातून एकदाच पेटवतो, सगळं एकदम ओतून ठेवतो. जळण वाचतं." सुंठीवाचून खोकला गेला.

५ मे

ओतकामवाल्यांच्या अर्जाला उत्तर आलं. नकार. भावजींनी कागद ह्यांना वाचायला दिला होता, मीही पाहिला. त्यात लिहिलंय, 'सध्याची व्यवस्था निर्यातदारांना समाधानकारक वाटत असल्याचे प्रत्यक्ष चर्चेत दिसून आले.' मी म्हटलं, अहो, हे तर माझ्याबद्दल आहे! सरकारी कागदात माझा उल्लेख आला.

ह्यांनी कागदाची घडी घातली आणि तो परत द्यायला स्वतः अंगणापलीकडे गेले. बराच वेळ आले नाहीत.

२२ मे

पहिला परतावा आला! कागदवाल्यांचं कौतुक करायला हवं. जोडणीच्या टेबलापाशी उभा पंखा घेतला, बायका खूश. भावजींसाठी शर्टाचं चांगलं कापड आणलं. त्यांनी दोन्ही हातांनी घेतलं. "याची काय गरज होती, वहिनी," म्हणाले. मी म्हटलं, घरात आलं की सगळ्यांना मिळालं पाहिजे.

६ जून

कुत्र्यांच्या बाईचं पत्र. लिहिते गोड. तिला कोणीतरी सांगितलं की आम्हाला बकलांवरचं शुल्क परत मिळतं. तेव्हा तो फायदा दोघींनी वाटून घेऊ या म्हणते. वाटून म्हणजे कसा, तर पुढच्या मालापासून पट्ट्याचा भाव जवळजवळ तेवढाच खाली. नाही म्हणावं तर दुसरे पट्टेवाले हो म्हणायला टपलेच आहेत. तेही हीच बकलं लावतात आणि त्यांनाही हाच परतावा मिळतो.

आयत्या बिळावर नागोबा. हे म्हणाले, "आपलं सरकार परक्या कुत्र्यांचे पट्टे स्वस्त करतंय. भूतदया म्हणायची." आधी हसू आलं आणि मग राग. पण भाव कबूल केला. करार मोडून या खोलीतली माणसं कुठे पाठवू?

दुपारभर तेच डोक्यात होतं. सरकारने मला दिलं, मी बाईला दिलं, मग माझ्याकडे उरलं काय? उरलं एवढंच की उद्या परतावा थांबला तर मी मेले, कारण भाव त्याला धरूनच खाली गेला आहे. मे महिन्यात जे वरकड वाटलं होतं, त्याच्यावाचून जूनमध्ये श्वास घेता येत नाही. ही काय जादू आहे ते मला कळत नाही. कागदवाल्यांना विचारलं, तर त्यांनी एक नवा फॉर्म दिला.

२३ जून

धाकटी सकाळी येऊन म्हणाली, "ताई, जोडणीला बसू का? घरात बसून कंटाळा येतो." मी म्हटलं, बस की, घरचंच आहे. हात फार सफाईदार आहे तिचा. बकलांत वाढलेली बाई. निघताना इतर बायकांसारखं तिने हजेरीत नाव लिहिलं, तेव्हा मला हसू आलं. घरच्या माणसाने कसली हजेरी लावायची? ती म्हणाली, "लिहिलेलं बरं असतं, ताई." शिस्तीची आहे.

१५ जुलै

आज फजिती झाली. फजितीसुद्धा अशी, की बाहेर सांगायची सोय नाही.

माल खोक्यांत भरून तयार होता. परताव्याचा माल असल्याने खोकी बंद करण्याआधी तपासनीस आले. कागदावर लिहिलं आहे, मुलामा दिलेली लोखंडी बकलं. त्यांनी खिशातून लोहचुंबक काढलं आणि वरच्या पट्ट्याला लावलं. चिकटेना. दुसऱ्याला लावलं, चिकटेना. तिसऱ्याला चिकटलं. चौथ्याला पुन्हा नाही.

"बाई, यात लोखंड कुठे आहे?"

मी पट्टा हातात घेतला आणि घेतल्याबरोबर कळलं. बकल भावजींचं.

धाकटी टेबलावर बसल्यापासून निवडत होती. जुन्या नियमाने. निवडून चांगलं ते बाहेर. भावजींची बकलं तिने परदेशी पट्ट्यांना लावली आणि मुलाम्याची इथल्यांना. नियम बदलल्याचं तिला मी सांगितलंच नव्हतं. मला वाटलं, तिला माहीत असणार.

लोकांचं पितळ उघडं पडतं तेव्हा आत भलतंच काही निघतं. आमचं उघडं पडलं तर आत खरोखर पितळ निघालं! तपासनीस दुष्ट नव्हते. म्हणाले, "लिहिल्यापेक्षा चांगला माल पाठवताय, हे मला दिसतंय. पण ज्या बकलांवरचं शुल्क परत मागता, तीच खोक्यात हवीत." माल जाऊ दिला, परतावा नाकारला, वर लेखी खुलासा मागितला. भाव तर आधीच उतरलेला. तेलही गेलं, तूपही गेलं.

मी धाकटीला सगळ्यांसमोर बोलले. "नवऱ्याच्या बकलांचं एवढं कौतुक असेल तर घरी मांडून ठेव." ती म्हणाली, "मला वाटलं, चांगली ती तुम्ही बाहेर पाठवता." हातातला पट्टा पुरा केला, हजेरीत वेळ लिहिली आणि गेली.

२० जुलै

धाकटी आली नाही. कालही आली नव्हती, परवाही नाही. मी तोंडाने फटकळ आहे, मनाने नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तरी असं.

फटकळपणालाच खरेपणा म्हणायची सवय लागली असेल का मला? ह्यांना विचारावंसं वाटलं. विचारलं नाही, कारण हे खरं उत्तर देतील.

२४ सप्टेंबर

कुत्र्यांच्या बाईने फोटो पाठवले. मुलाम्याच्या बकलांना गंज चढला आहे. तिकडची कुत्री समुद्रात पोहतात, हे मला कोणी सांगितलं होतं? पण जुलैच्या मालातले काही पट्टे जसेच्या तसे आहेत. तिला आता सगळे तसेच हवेत, आणि त्यासाठी भाव वाढवून द्यायला तयार आहे.

मला इतका आनंद झाला की चपला न घालताच अंगण ओलांडलं. वाटलं, भावजींना म्हणावं, पेटवा भट्टी, रोज पेटवा, होऊ देत माझ्या चादरी काळ्या. धाकटीचेही पाय धरीन म्हटलं.

भट्टीच्या खोलीचं दार सताड उघडं होतं. दोन अनोळखी माणसं साच्यांच्या पेट्या गाडीवर चढवत होती. भट्टीच्या तोंडाच्या विटा काढलेल्या. भावजी उपड्या बादलीवर बसून सांगत होते, "सांभाळून, त्या पेटीची कड सुटलीय." विकून टाकलेल्या वस्तूलासुद्धा जपत होते.

मी पत्र वाचून दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"चांगलं झालं, वहिनी. पण साचे गेले आता. आणि मी एक तारखेपासून कामावर लागतोय, बंदराजवळच्या गोदामात. काम बकलांचंच आहे. बाहेरून येतात ती उतरवून घ्यायची."

"अहो, पण मला एका शब्दाने सांगायचं तरी!" मी ओरडलेच. "घराला घर लागून आहे. मी काय परकी होते?"

भावजी उठून उभे राहिले. माझ्यासमोर बसून ते कधी बोलत नाहीत.

"सांगितलं होतं ना, वहिनी. तुम्हाला सोबत घेऊन गेलो होतो."

आवाजात राग नव्हता. असता तर मी भांडले असते.

२५ सप्टेंबर

साहेबांनी विचारलं होतं, तुमची निर्यात अडली आहे का. मी नाही म्हटलं, आणि ते खरं होतं. पितळ महाग झालं म्हणून मी भावजींचं बकल सोडलं, हेही तितकंच खरं होतं. ते माणूस माझ्या खुर्चीमागे उभं होतं. दोन खऱ्या गोष्टींतली मला सोयीची ती मी सांगून आले आणि वर त्यांच्याच पैशाने चहा पिऊन आले.

ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. पितळ महागलं तेव्हा माझंही जळत होतं. त्या दिवसांत कोणी कचेरीत नेलं असतं तर मी साहेबांचं टेबल हलवून आले असते. परतावा मिळणार म्हटल्यावर माझं जळायचं थांबलं, आणि बाकीच्यांचं जळतंय हे दिसायचंही थांबलं. आमची तक्रार एक होती तोवर आम्ही दोघं मिळून जड होतो. मी उठून गेले आणि त्यांचं पारडं वर गेलं. हातात आलेलं तर बाईनेच नेलं.

मला लाज वाटते. एवढंच लिहायचं होतं, बाकी सगळं उगाच लिहिलं.

११ ऑक्टोबर

आज एकटीच त्या कचेरीत गेले. साहेबांनी ओळखलं. "कुत्र्यांचे पट्टे!"

मी म्हटलं, "गेल्या खेपेला मी अर्धंच सांगितलं. उरलेलं सांगायला आलेय." सगळं सांगितलं. भंगारवाला, भावजी, बाई, चुंबक, काही ठेवलं नाही. साहेबांनी मध्ये एकदाही घड्याळ पाहिलं नाही. "हे आम्हाला असं कोणी सांगितलं नव्हतं," म्हणाले. पुढच्या महिन्यात समिती बसणार आहे. पितळेवरचं शुल्क कमी करावं का, आणि निर्यातदाराला सुटे भाग पुरवणाऱ्यालाही परतावा द्यावा का, ते दोन्ही तिच्यापुढे आहे. "पण ते तुमच्या तोंडून चालणार नाही. ओतकाम करणाऱ्याने स्वतः सांगायला हवं. तुमच्या दिरांना घेऊन या."

जिना कसा उतरले ते आठवत नाही. घरी न जाता सरळ गोदाम गाठलं. भावजी खोक्यांच्या दोन रांगांमध्ये उभे होते, गळ्यात ओळखपत्र, अंगात मी आणलेल्या कापडाचा शर्ट. मी धापा टाकतच बोलले. समिती बसतेय, साहेब ऐकायला तयार आहेत, दोन्ही गोष्टी होऊ शकतात, ओतकाम करणाऱ्याने सांगायला हवं, तुम्ही फक्त चला.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं, नेहमीसारखं.

"येईन की," म्हणाले. "रजा मागून बघतो." मग खोक्यावर हात ठेवून अगदी साधेपणाने, मला खरंच माहीत असेल अशा विश्वासाने विचारलं, "पण वहिनी, तिथे मी कोण म्हणून येऊ?"